नव्या यंत्राची जुनी बोली

दिल्लीच्या पुसा भागात राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची वास्तू आहे. तिची कोनशिला ४ जानेवारी १९४७ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी बसविली आणि २१ जानेवारी १९५० रोजी सरदार वल्लभभाई पटेल यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. लांबी, वस्तुमान व काल यांची राष्ट्रीय प्रमाणे जशी येथे जपली जातात, तसेच सूक्ष्मतरंगांच्या शक्तीचेही प्रमाण येथे राखले जाते. रडार, कृत्रिम उपग्रहाशी चालणारे दळणवळण, खिशातला दूरध्वनी या सर्वांत तरंगरूपाने बाहेर पडणारी शक्ती मोजावी लागते. ओखल्यातील परीक्षणशाळेत किंवा गुरुग्रामच्या एखाद्या कारखान्यात असे शक्तिमापक जो आकडा दाखविते, त्याचे नाते पायरीपायरीने राष्ट्रीय प्रमाणाशी जुळलेले असावे लागते.

हे मोजमाप होते कसे? सेकंदाला अब्जावधी आंदोलने करणाऱ्या तरंगाची शक्ती थेट मोजणे अवघड. म्हणून तिचे उष्णतेत रूपांतर करतात. मापकाला जोडलेल्या संवेदकात एक अतिशय पातळ रोधक असतो. तरंग त्यात शोषला गेला की तो किंचित तापतो, आणि दोन भिन्न द्रव्यांच्या सांध्यावर त्या तापामुळे अत्यल्प विद्युत्दाब निर्माण होतो. तो वर्धित करून मापक आकडा दाखविते. हूलेट-पॅकार्ड कंपनीचा ८४८१-ए हा सुप्रसिद्ध संवेदक १० मेगाहर्ट्झपासून १८ गिगाहर्ट्झपर्यंत, आणि एक मायक्रोवॉटपासून शंभर मिलिवॉटपर्यंत काम देतो. मोजण्यापूर्वी मापकाचे शून्य जुळवावे लागते. नंतर मापकातच बसविलेल्या ५० मेगाहर्ट्झच्या, एक मिलिवॉटच्या संदर्भ-स्रोताशी त्याची पारख करावी लागते. आणि शेवटी, ज्या वारंवारतेवर मोजावयाचे त्या वारंवारतेचा शुद्धिगुणक सांगावा लागतो.

हाच क्रम पन्नास वारंवारतांवर हाताने करीत बसणारा माणूस दुपारपर्यंत कंटाळतो, आणि कंटाळलेला माणूस चुकतो. म्हणून हे काम संगणकावर सोपविण्यात आले. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हूलेट-पॅकार्डने निरनिराळी उपकरणे एकाच तारसंचावर गुंफण्याची योजना आखली. १९७५ साली तिला आयईईई ४८८ या नावाने प्रमाणाचा दर्जा मिळाला. संगणक धरून पंधरा उपकरणे या संचावर बसतात. आठ तारा अक्षरे वाहून नेतात आणि तीन तारा केवळ 'ऐकले का?', 'ऐकले' एवढीच देवघेव करतात, त्यामुळे सर्वांत मंद श्रोत्यालाही वेळ मिळतो. प्रत्येक उपकरणाला एक पत्ता असतो. या घराण्यातील शक्तिमापके कारखान्यातून बहुधा १३ हा पत्ता घेऊन येतात.

परंतु तारा समान झाल्या म्हणून भाषा समान झाली नाही. ४३७-बी हे जुने शक्तिमापक दोन-दोन अक्षरांच्या आज्ञा ओळखते: शून्य जुळविण्यासाठी 'झेडई', डीबीएममध्ये आकडा हवा असल्यास 'एलजी', वॉटमध्ये हवा असल्यास 'एलएन'. १९९० साली अनेक कंपन्यांनी मिळून 'स्कपी' नावाची समान भाषा ठरविली. तिच्यात 'एलजी' या दोन अक्षरांऐवजी 'युनिट–पॉवर–डीबीएम' असे सविस्तर वाक्य येते. वाचायला ते सुबोध खरे. पण ज्या परीक्षणशाळेची सारी आज्ञावली 'एलजी' म्हणत आली, तिला त्याचा काय उपयोग?

जुने मापक कधीतरी बंद पडते आणि त्याचे सुटे भाग मिळेनासे होतात. नवे विकत घेता येते, परंतु आज्ञावली पुन्हा लिहिणे ही निव्वळ श्रमाची बाब नाही. गुरुग्रामला मुख्यालय असलेले राष्ट्रीय मान्यता मंडळ परीक्षणशाळांना ज्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मान्यता देते, त्या आयएसओ-आयईसी १७०२५ अन्वये, मापनाची आज्ञावली बदलली तर तो बदल नोंदवून, पारखून घेतल्याखेरीज वापरता येत नाही. म्हणून ई-४४१८-बी या नंतरच्या मापकात निर्मात्यांनी एक सोय ठेवली: भाषा म्हणून '४३७-बी' निवडली की ते जुन्या मापकाची बोली बोलू लागते.

हे सोंग वठविणे वाटते तितके सोपे नाही. आज्ञा ओळखल्या की भागले, असे होत नाही. उत्तरही जुन्या थाटाचे हवे. आकड्याचे चिन्ह, घातांक लिहिण्याची रीत, ओळ संपल्याची खूण यांत एका अक्षराचा फरक पडला, तर आज्ञावली अडखळते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, न अडखळता चुकीचा आकडा उचलते. जुनी आज्ञावली लिहिणाऱ्याने मापक स्थिरावण्यासाठी ठरावीक काळ थांबण्याची सूचना घातलेली असते. तो काळ नव्या यंत्राला पुरतो की नाही, हे पाहावेच लागते. शिवाय सोंग घेणाऱ्याला आपली खरी ताकद झाकावी लागते. ई-४४१८-बी आपल्या द्रुत पद्धतीत सेकंदाला दोनशेपर्यंत वाचने देऊ शकते, पण जुन्या बोलीत अशा द्रुत मापनासाठी शब्दच नाही.

आणि सर्व सोंगे आणता येतात, पण पैशाचे आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. येथे ते अचूकतेचे आणता येत नाही. बोली जुनी असली तरी मोजणारी मंडले नवी आहेत. शुद्धिगुणकात एक टक्क्याची चूक राहिली तर डीबीएमच्या आकड्यात सुमारे ०.०४ चा फरक पडतो, आणि तो कोणतीही भाषा लपवीत नाही वा सुधारीत नाही. म्हणून जुने मापक अद्याप चालते आहे तोवरच एकच स्रोत आणि एकच संवेदक घेऊन, आधी जुन्यावर व मग नव्यावर, तीच आज्ञावली चालवावी आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहावेत. त्या वेळी दोन्ही मापके तारसंचावर एकत्र ठेवू नयेत. तेराव्या पत्त्यावर दोघेही उत्तर देऊ लागली, तर संगणकाला कोणाचेच नीट कळत नाही. जुन्याची तार काढावी आणि मगच नव्याची जोडावी.