आधी संसार, मग वरात!

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये आमच्या एका मित्राचा ‘बघण्याचा’ कार्यक्रम गाजत होता. मुलगी एमबीए, पगार तगडा, घरच्यांना पसंत. पण साहेबांचं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं, ‘तिचं आधी काही असेल तर?’ स्वतःच्या ‘आधी’बद्दल मात्र अळीमिळी गुपचिळी!

मला एकदम डहाणू आठवलं. आपल्यासाठी डहाणू म्हणजे वीकेंड, बीच आणि पिशवीभर चिकू. पण तिथून तलासरीकडे निघालं की वारल्यांचे पाडे लागतात. तिथे मुलगा-मुलगी एकमेकांना आवडले, घरच्यांनी मान डोलावली, की संसार सुरू. लग्न? पैसे जमतील तेव्हा. काहींच्या लग्नात तर त्यांची स्वतःचीच मुलं नाचतात! आणि लग्न लावते कोण? धवलेरी, म्हणजे चक्क एक बाई. आपण मात्र लिव्ह-इन थेट लंडनहून आलं असं समजतो.

अर्थात, तिथे सगळं गोडगोड नाही. लग्नाचा कागद नसला की अडचणी येतात, म्हणून बरीच जोडपी सामुदायिक विवाहात उभी राहतात. आणि पूर्वी तर लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेणारा त्याचा वेठबिगार व्हायचा. ‘लग्नगडी’ म्हणायचे त्याला. बायकोही राबायची, आणि मालक तिच्या शरीरावरही हक्क सांगायचा. १९४५मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेबरोबर वारली उभे राहिले आणि ही वेठ मोडली. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ जरूर वाचा.

बाईच्या शरीरावर मालकी कुणाची, हाच तर मुद्दा आहे! २००५मध्ये अभिनेत्री खुशबू म्हणाली, शिकलेल्या मुलाने बायको व्हर्जिनच हवी अशी अपेक्षा ठेवू नये. तिच्यावर खटल्यांचा पाऊस पडला. २०१०मध्ये सुप्रीम कोर्टाने ते सगळे रद्द केले. २०१८मध्ये पुण्यातल्या कंजारभाट समाजातली तरुण मुलं पहिल्या रात्रीच्या कौमार्य चाचणीविरुद्ध उभी राहिली, घरच्यांचा आणि जातपंचायतीचा रोष पत्करून.

मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘ठीक आहे यार, पण विचारायला काय हरकत आहे?’

‘काहीच नाही,’ मी म्हटलं, ‘फक्त आधी तुझं सांग!’

बिचाऱ्याचा चहा गार झाला.