एका दात्याचा फरक

मराठीच्या मास्तराला इंजिनातले काय कळते, असे आपण विचाराल. आमच्या घरातही तोच प्रश्न विचारला गेला. पण गेल्या दिवाळीच्या सुटीत मी दोन दिवस एका मिस्त्रीच्या शेडखाली पालथ्या डब्यावर बसून काढले, आणि ते वाया गेले असे मला अजून वाटत नाही.

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातले इस्लापूर हे माझ्या मेहुण्यांचे नोकरीचे गाव. पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा इथून जवळ. तो एका सकाळीच पाहून झाला आणि पाय रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडकडे वळले. तिथे एक जुनाट ट्रक तोंड उघडून उभा होता. रेडिएटर, पंखा, पुली सारे उतरवलेले. टायमिंग गिअरचे दाते झिजले होते.

१९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपुरात ट्रक बांधायला घेतले. तो करार १९६९ साली संपला. पण त्या पिढीच्या गाड्यांवर ज्यांचे हात बसले, त्यांच्या चेल्यांचे चेले आज असे गावोगाव भेटतात. हा मिस्त्री त्यांतलाच.

त्याने मला सोप्या भाषेत समजावले. दट्ट्याची कामे चार : हवा ओढणे, ती दाबणे, जळत्या डिझेलचा धक्का घेणे आणि धूर बाहेर टाकणे. तेवढ्यात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. हवेची आणि धुराची दारे, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडणारा कॅमशाफ्ट मात्र एकच फेरा घेतो. म्हणून त्याच्या चाकाला दाते दुप्पट. मला एकदम लघु-गुरू आठवले. दोन लघूंच्या वेळात एक गुरू! वृत्त इथेही होते, फक्त ते तेलात भिजलेले होते.

ड्रायव्हर पन्नाशीचा, ट्रकही त्याचाच. तो अजिजीने म्हणाला, “उस्ताद, एकच चाक बदला ना. लेकरांचे कपडे घ्यायचे राहिलेत.”

“मामा, नव्या चाकाला जुनं चाक जुळत नाही. नवंबी खराब होईल. सगळी बदलू. माझी मजुरी दिवाळीनंतर द्या.”

दुसऱ्या दिवशी नांदेडहून बसने नवी चाके आली. मिस्त्रीने पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या अगदी वर आणून ठेवला होता. मोठे चाक त्याने तेलात तापवले. तापून ते किंचित फुगते आणि शाफ्टवर सहज चढते. चाकांवर खुणा कोरलेल्या असतात. एकीची खूण दुसरीच्या खुणेसमोर आली पाहिजे. चाक चढले. ड्रायव्हरने निःश्वास टाकला.

मिस्त्री मात्र वाकून पाहत राहिला. दाते तिरपे असल्यामुळे चाक आत सरकताना थोडे फिरते. खूण एका दात्याने हुकली होती! काही न बोलता त्याने पुलर लावला आणि चाक पुन्हा उतरवू लागला.

“एका दात्यानं काय होतं, उस्ताद?” ड्रायव्हर कळवळला. दिवस कलला होता आणि घर दूर होते.

“एका दात्यानं गाडी ओढत नाही, धूर ओकते. जास्त चुकलं तर व्हॉल्व्ह दट्ट्यावर आदळतो. भरल्या गाडीनं घाटात बंद पडली तर लेकरांना कपडे कोण नेईल?”

चाक पुन्हा बसले. मोठ्या पान्याने त्याने इंजिन हाताने दोन फेरे फिरवले. कुठे अडत नाही ना, हे बोटांनी जोखले. मग झाकण लावले, पंपाचे टायमिंग आणि टॅपेट पाहिले. दिवेलागणीला इंजिन सुरू झाले. ड्रायव्हरने मिस्त्रीचे दोन्ही हात धरले. बोलला काहीच नाही.

हात पुसता पुसता मिस्त्रीने मला सहज विचारले, “सर, तुमच्या कामात चूक झाली तर कसं कळतं?”

“आवाज होत नाही,” एवढेच मी म्हणालो.

घरी परतल्यावर मी छंदांवरची माझी जुनी टिपणे काढली. कित्येक वर्षे तीच वर्गात सांगत आलो होतो. दोन ठिकाणी दाता हुकलेला सापडला.