विहिरीवरचा जलसुरक्षक

तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याहून केळद आणि मढे घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पासली हे गाव लागते. सह्याद्रीचा मुसळधार पाऊस जेव्हा डोंगरउतारावरची माती, पालापाचोळा आणि शेण झऱ्याविहिरींत वाहून आणतो, तेव्हा अशा गावांच्या आरोग्याची मदार ज्याच्यावर असते, तो ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक होय. सरकारी दफ्तरात त्याचा हुद्दा लहान आहे. परंतु गावाच्या वतीने एक जहाल रसायन रोज हाताळण्याचे काम त्याच्याकडे आहे, आणि म्हणूनच त्याच्या शिक्षणाचा विचार गांभीर्याने व्हावयास हवा.

हे रसायन म्हणजे गावोगाव ‘टीसीएल’ म्हणून परिचित असलेली ब्लीचिंग पावडर. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट याने 1799 साली कापड शुभ्र करण्यासाठी तिचे पेटंट घेतले होते. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो. ऊन, हवा व ओल लागली की तो उडून जातो, आणि प्रमाण 20 टक्क्यांखाली उतरले की पावडर पाण्यात टाकण्याच्या लायकीची राहत नाही. हयगयीने निकामी होणारी हीच वस्तू हयगयीनेच घातकही होते. कारण आम्लाशी तिचा संबंध आला तर तिच्यातून जो क्लोरीन वायू सुटतो, तोच पहिल्या महायुद्धात 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधील ईप्रच्या रणभूमीवर अस्त्र म्हणून सोडण्यात आला होता. हा वायू हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने कोंदट खोलीत जमिनीलगत साचतो. म्हणून पावडरीची पिंपे कोरड्या, हवेशीर जागी, खते, कीटकनाशके व रॉकेल यांपासून दूर ठेवावीत, हा नियम केवळ टापटिपीसाठी केलेला नाही.

आरोग्य सेवकाने हे शिक्षण द्यावयाचे ते विहिरीच्या काठावरच. प्रथम हिशेब: व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले 785, म्हणजे गोल विहिरीतील पाणी लिटरमध्ये मिळते. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल, तर ते 37,680 लिटर होते. हजार लिटरला पाच ग्रॅम या मानाने सुमारे 190 ग्रॅम पावडर लागते. एका बादलीत 100 ग्रॅमहून अधिक घ्यावयाची नसल्याने दोन प्लॅस्टिकच्या बादल्या. नाकातोंडावर फडके, हातांत रबरी मोजे, आणि वारा पाठीशी घेऊन उभे राहणे. थोड्या पाण्यात पावडर कालवून लगदा करावा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावे आणि दहा मिनिटे निवळू द्यावे. तळाशी बसलेला चुना विहिरीत जाता कामा नये; वरची निवळी तेवढी वेगळ्या रिकाम्या बादलीत ओतून ती दोराने पाण्याखाली सोडावी आणि वरखाली हेलकावून मिसळावी. त्यानंतर निदान अर्धा तास पाणी उपसू नये.

या कामाचा पडताळा ‘ओटी’ चाचणीने होतो. नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब पडताच पाणी पिवळसर झाले, तर क्लोरीन शिल्लक आहे. लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम तो असावा लागतो. मात्र हे द्रावण आम्लयुक्त असते आणि ऑर्थोटोलिडीन कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. ते हाताला लागू न देणे, तपासलेले पाणी विहिरीत परत न ओतणे, बाटली टीसीएलच्या पिंपाशेजारी न ठेवणे, हे तपासनिसालाच प्रथम शिकवले पाहिजे. किंबहुना प्रशिक्षणात सर्वांत अधिक उपेक्षा होते ती याच भागाची, असे मला वाटते.

पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर आरोग्य खाते जलस्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे वा हिरवे कार्ड देते. या कार्डाच्या रंगाची गावात चर्चा होते; पण तो रंग ज्याच्या हातांनी येतो, त्या माणसाला मोजे आणि चष्मा मिळाला आहे काय, अशी पृच्छा ग्रामसभेत क्वचितच होते. छापील पत्रक वाटून ही जबाबदारी फिटत नाही. दरवर्षी मृगापूर्वी प्रत्येक जलसुरक्षकाकडून विहिरीवर प्रत्यक्ष मिश्रण करवून घ्यावे आणि संरक्षक साहित्याचा खर्च ग्रामपंचायतीने पावडरीच्या खर्चाबरोबरच मंजूर करावा, एवढी मागणी गावकऱ्यांनी येत्या ग्रामसभेत अवश्य मांडावी.