‘आम्ही’ म्हणायचं कुणी?

रविवारी सकाळी साडेसातला मी कोलशेतच्या ग्रँड सेंट्रल पार्कमध्ये चालत असते आणि माझ्या इअरफोनमध्ये दोन देश भांडत असतात. दादा न्यू जर्सीत, एडिसनला. ताई टोरांटोजवळ, मिसिसॉगात. दोघांकडे शनिवारची रात्र, जेवणं उरकलेली, वाद घालायला एकदम परफेक्ट टाइम. मी शेंडेफळ, त्यामुळे अंपायर.

हे पार्क २०२४ मध्ये सुरू झालं. वीसेक एकर जागा, आत चिनी बाग, जपानी बाग, मोरोक्कन बाग, मुघल बाग. एकदा व्हिडिओ कॉलवर दोघांना सगळं फिरवून दाखवलं, तर ताई म्हणाली, “अगं, हा तर आमचा कॅनडा! ज्याला त्याला आपापला कोपरा.” दादा लगेच, “हो ना, आणि मधला रस्ता कुणाचा ते कुणालाच माहीत नाही.”

भांडणाचा विषय गेले कित्येक महिने एकच आहे. दादाने अमेरिका सोडून कॅनडात जावं की नाही?

दादा २०१३ साली एच-वन-बी व्हिसावर गेला तेव्हा माझी भाची दोन वर्षांची होती. नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून जास्त येत नाहीत. भारत असो की आइसलँड, नियम तोच. त्यामुळे आपली रांग घोडबंदर रोडच्या संध्याकाळसारखी. दादा अजून त्या रांगेत आहे, दर तीन वर्षांनी व्हिसा वाढवतोय. खरा लोचा पुढेच आहे. मूल २१ वर्षांचं झालं की ते कायद्याच्या भाषेत ‘मूल’ राहत नाही, बापाच्या फाइलमधून त्याचं नाव गळतं. मग स्वतःचा स्टुडंट व्हिसा बघा, नाहीतर विमान पकडा. आणि ही मुलगी शाळेत रोज सकाळी छातीवर हात ठेवून अमेरिकेच्या झेंड्याशी निष्ठेची शपथ म्हणते! “आत्या, मी तुला खूप मिस करते,” हे तिचं मराठी. आमच्या घरातली सगळ्यात पक्की अमेरिकन तीच, आणि तिच्याकडेच कागद नाही.

ताईचं तसं नाही. शिक्षण, वय, इंग्रजी यांचे गुण मोजून तिला कॅनडाची पीआर मिळाली आणि काही वर्षांत ती सिटिझन झाली. राजाशी निष्ठेची शपथ घेतली तिने. आजोबा बेचाळीसच्या चळवळीत होते, ते असते तर काय म्हणाले असते कोण जाणे!

पावभाजी की थाळी?

अमेरिका म्हणजे ‘मेल्टिंग पॉट’ आणि कॅनडा म्हणजे ‘मोझॅक’, हा फंडा आपण आयईएलटीएसच्या क्लासपासून ऐकत आलोय. आपल्या भाषेत सांगायचं तर एक पावभाजी, दुसरी थाळी. एकात सगळं घोटून एक चव, दुसऱ्यात प्रत्येकाची वेगळी वाटी. ऐकायला सॉलिड. पण या दोन शब्दांच्या जन्मकथा बघितल्या की गंमत कळते.

‘द मेल्टिंग पॉट’ हे मुळात एक नाटक. लिहिणारा इस्रायल झँगविल, लंडनचा ज्यू लेखक. १९०८ मध्ये ते वॉशिंग्टनला रंगमंचावर आलं आणि शब्द देशभर गाजला. सरकारने तसा काही कायदा केलेला नाही, अमेरिकेला तो आपल्या स्वभावाचा वाटला, बस्स. कॅनडाचं बरोबर उलट. तिथे १९६०च्या दशकात इंग्रजी आणि फ्रेंच यांच्यातली धुसफूस मिटवायला आयोग बसला. तो ‘दोन संस्कृतींचा देश’ म्हणू लागल्यावर युक्रेनियन वगैरे मंडळी उठली, मग आम्ही कोण? त्यातून ८ ऑक्टोबर १९७१ रोजी पंतप्रधान पियर ट्रुडो यांनी संसदेत जाहीर केलं की अधिकृत भाषा दोन असतील, अधिकृत संस्कृती मात्र एकही नसेल. १९८८ मध्ये त्याचा कायदा झाला. म्हणजे थाळी ही तडजोड होती, संतपणा नव्हे. १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ जहाजातल्या ३७६ प्रवाशांपैकी बहुतेकांना याच कॅनडाने व्हँकुव्हरच्या बंदरातून परत पाठवलं होतं आणि त्याबद्दल संसदेत माफी मागितली २०१६ साली. अमेरिकेचा हिशेबही काही वेगळा नाही. १९२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांना ते गोरे नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं, तेही अमेरिकी सैन्यात भरती होऊन आलेल्या माणसाला.

रोजच्या जगण्यात फरक दिसतो तो शनिवार-रविवारच्या शाळेत. ओंटारिओने १९७७ मध्ये मुलांना आईवडिलांची भाषा शिकवण्याची योजना काढली. वर्ग स्कूल बोर्डाचे, पैसे सरकारचे. अमेरिकेत मराठी शाळा म्हणजे भाड्याने घेतलेली खोली, वर्गणी, आणि आठवडाभर कोडिंग करून रविवारी ‘ळ’ शिकवणाऱ्या आया. बृहन्महाराष्ट्र मंडळाने त्यासाठी अभ्यासक्रमही बांधलाय. (हे मंडळ १९८१ पासून अमेरिका आणि कॅनडा दोन्हींसाठी एकच आहे. अधिवेशन, नाटक आणि जेवणाची रांग यांना सीमा नसते!) ताई म्हणते, आमचं सरकार आमची संस्कृती जपतं. दादा म्हणतो, आम्हाला कुणी जपावं लागत नाही. दिवाळीचं पोस्टाचं तिकीटसुद्धा अमेरिकेने आधी काढलं, २०१६ मध्ये. कॅनडाने २०१७ मध्ये. हे तो दर दिवाळीला ऐकवतो.

दादा सहज ‘आम्ही’ म्हणतो. “आम्ही मून लँडिंग केलं.” अरे, तेव्हा बाबांचं लग्नसुद्धा झालं नव्हतं! पण अमेरिकेला स्वतःविषयी एक ठाम गोष्ट आहे, कष्ट करा, वर या, आमचे व्हा, आणि ती गोष्ट इतकी जोरात सांगितली जाते की कागद नसलेला माणूसही तिच्यात शिरतो. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून काँग्रेसवर निवडून आले तेव्हा दादाने आम्हाला पेढे वाटायला लावले. ताईकडे पासपोर्ट आहे, पण कित्येक वर्षं ती “कॅनडात असं असतं” एवढंच म्हणायची. ‘आम्ही’ हा शब्द ती मंडळाच्या गणपतीसाठी वापरायची. कॅनडा म्हणजे काय, असं विचारलं की उत्तर कायम नकारात यायचं: आम्ही अमेरिकन नाही. २०००च्या सुमाराला तिथे एका बिअरची जाहिरात तुफान गाजली होती. त्यात एक साधा पोरगा स्टेजवर येऊन आपण काय काय नाही आहोत, हेच आधी सांगतो.

मग आलं २०२५. ट्रम्प यांनी कॅनडाला ‘५१वं राज्य’ म्हणायचा सपाटा लावला, टॅरिफ आले, ओंटारिओच्या सरकारी दुकानांतून अमेरिकन दारू उचलली गेली, हॉकीच्या सामन्यांत अमेरिकेच्या राष्ट्रगीताला हुर्यो मिळाली. आणि आमची ताई, जिला हॉकी म्हटलं की धनराज पिल्ले आठवतो, ती एका रविवारी कॉलवर म्हणाली, “आम्ही कॅनेडियन लोक काय विकाऊ आहोत का?” मी चालता चालता थांबलेच. दादासुद्धा गप्प. तिने फ्लोरिडाची ट्रिप रद्द केली होती, संत्रीसुद्धा स्पेनची आणत होती.

अर्थात ताईच्या स्वर्गालाही भोकं आहेत. क्वेबेकमध्ये २०१९च्या कायद्याने सरकारी शाळांत नव्याने लागणाऱ्या शिक्षकांना पगडी, हिजाब घालायला बंदी केली. घरभाडी भडकली तेव्हा बोट परदेशी विद्यार्थ्यांकडे गेलं, २०२४ मध्ये त्यांच्या संख्येवर मर्यादा आली आणि २०२५ साठी पीआरचं उद्दिष्ट ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर उतरलं. बसमध्ये कुणीतरी “परत जा” म्हणाल्याचं ताईने मला एकटीला सांगितलं, दादाला नाही.

टॉवर की गाव?

या दोघांना हसायचा मला तरी काय हक्क? बाबा याच कोलशेत रोडवरच्या एका केमिकल कारखान्यात होते. तेव्हा कॉलनीत शेजारी तमिळ, मल्याळी, मालवणी. आता इथल्या बंद कारखान्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिलेत, त्यांतल्याच एकात मी आठ वर्षं राहतेय, आणि कुणी विचारलं की सांगते, “ठाण्याला राहते.” स्टेशनवर रिक्षावाला मात्र सोडत नाही. “कोलशेत गाव की टॉवर?” गाव म्हणजे खाडीकडचे आगरी-कोळी. ‘आम्ही कोलशेतकर’ हे तेच म्हणू शकतात. आमच्या सोसायटीत गणपती, नवरात्राचा गरबा, ओणम सगळं होतं, फोटो छान येतात. पण गावाच्या जत्रेला टॉवरमधलं कुणी गेलेलं मी तरी पाहिलेलं नाही. मीही गेलेली नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलर्सची फी जाहीर झाली. दादाला ती लागू नव्हती, पण त्या दोन दिवसांत कुणालाच काही नीट कळत नव्हतं आणि त्याने डिसेंबरची तिकिटं रद्द केली. आई महिनाभर भाचीच्या आवडीच्या चकल्यांचं प्लॅनिंग करत होती. पुढच्या रविवारी ताईने भांडण न करता हिशेब मांडला. कॅनडाच्या गुणपत्रिकेत पंचेचाळिशीला वयाचे गुण शून्य होतात, दादा त्रेचाळीसचा. म्हणजे एका बाजूला पोरीची एकविशी, दुसऱ्या बाजूला बापाची पंचेचाळिशी.

“पण ती काय म्हणेल?” दादाने विचारलं. “तिला सांगू काय? की आता या झेंड्याऐवजी तो?”

मागून भाचीचा आवाज आला, “डॅड, आर वुई मूव्हिंग?” वहिनीने दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने दादा म्हणाला, “लिंक पाठव. नुसतं बघतो.” ताईने तिथल्या तिथे पाठवली. त्यानंतर तीन रविवार झाले, तो हवा आणि क्रिकेट यांवरच बोलतोय. ताई विचारत नाही. मीही नाही.