भिंतीवरचा कागद आणि विकी

२००७ सालची एक रात्र मला विसरता येत नाही. वॉर्डात एका रुग्णाचे हृदय बंद पडले. छाती दाबणारी परिचारिका पंधराव्या दाबाला थांबली; श्वास देणारी तिसाव्याची वाट पाहत राहिली. मोलाचे क्षण वाया गेले. दाब व श्वास यांचे प्रमाण २००५ मध्ये १५:२ वरून ३०:२ झाले होते. भिंतीवरचा आमचा कागद मात्र जुनाच होता.

त्यानंतर आम्ही विकीचा अवलंब केला. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये ही पद्धत आणली. हवाई भाषेत 'विकी' म्हणजे जलद. संगणकावरील एकच पान सर्वजण वाचतात व सुधारतात. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहते. चुकल्यास पूर्वीचा मजकूर परत आणता येतो.

आम्ही प्रत्येक पानासाठी एक जबाबदार डॉक्टर नेमला. रुग्णाचे नाव तेथे लिहायचे नाही आणि तातडीचा निरोप तोंडीच द्यायचा, हे दोन दंडक घातले. भिंतीवर आजही कागद असतो, परंतु त्यावर विकीच्या पानाची तारीख असते. ती जुळली नाही, तर तो फाडण्याचा अधिकार कनिष्ठातील कनिष्ठ परिचारिकेलाही आहे.