गाळ, कागद आणि पॉलिश पेपर

सकाळी ६. सांगलीच्या गावभागात पावसाळ्यातला दिवस एकाच प्रश्नाने उजाडतो : आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती? ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. आज आकडा बराच खाली आहे, त्यामुळे माळ्यावरचे खोके उतरवायला हरकत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमचं खालचं कपाट पाण्यात होतं. त्यातले कागद आणि ओसरल्यावर घरातून खरवडून काढलेला गाळ, हाच माझा कच्चा माल.

७.३०. डबे, धुणं, पिण्याचं पाणी भरणं. चित्रकाराच्या घरी ही कामं वेगळ्या पद्धतीने होत नाहीत.

९. कामाला सुरुवात. कॅनव्हास मी घेत नाही. तो लवतो आणि वरचा जाड थर तडकतो. १२ मिलिमीटरचा प्लाय बरा. खडूची पावडर, फेविकॉल आणि पांढरा अ‍ॅक्रिलिक कालवून त्यावर पातळ अस्तर द्यायचं; ते वाळलं की दुसरा हात आडवा.

मग गाळ. आमच्याकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. नुसती लावली तर दुसऱ्या दिवशी पापुद्रे केरात. म्हणून गाळ पाण्यात कालवून मलमलीतून गाळायचा, वाळवायचा, कुटायचा आणि फेविकॉलमध्ये चमचा-चमचा मिसळायचा. गोंद भरपूर घातला तर पृष्ठभाग सपाट राहतो, कमी घातला तर भेगा पडतात. मला फळीच्या खालच्या एक-तृतीयांश भागातच भेगा हव्या असतात, कारण भिंतीवर पाणी जिथवर चढलं होतं ती रेघ मला तिथे लागते. ती रेघ मी रंगवत नाही. जाड आणि पातळ गाळ जिथे भेटतात तिथे ती आपसूक उमटते.

११.३०. कागद. बॉलपेनचं अक्षर बरंचसं टिकलंय. शाईपेनचं फुटून नुसता निळा डाग उरलाय. मला दोन्ही लागतात. वर्तमानपत्र मात्र टाळते. लाकडाच्या लगद्यातल्या लिग्निनमुळे तो कागद पिवळा पडतो, तुकडे होतात, आणि गिऱ्हाईक दोन वर्षांनी फोन करतं.

सासूबाई डोकावल्या. ‘‘हा दुधाचा हिशेब गं! चांगला कागद नव्हता का घरात?’’

‘‘आई, हाच चांगला आहे.’’

‘‘मग जरा सरळ तरी लाव.’’

सूचना बरोबर होती. तिरका कागद कलात्मक दिसतो, म्हणून मला तो संशयास्पद वाटतो.

२. थर वाळेपर्यंत सक्तीची विश्रांती. दमट हवेत टेबलफॅन लावूनही चार वाजतात. या वेळात चित्रांची पुस्तकं चाळते. आल्बेर्तो बुर्री हा इटालियन डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या टेक्ससमध्ये युद्धकैदी होता. तिथेच तो चित्रं काढू लागला. पुढे फाटकी गोणपाटं शिवून त्याने जी चित्रं केली, त्यांत लोकांना जखमा आणि बँडेज दिसले. तो मात्र हा अर्थ नाकारत राहिला. मला त्याचं पटतं. पूर माझ्या घरात आला होता, बघणाऱ्याच्या नाही. त्याला फळीवर काहीतरी बघायला मिळालं पाहिजे.

४. दिवसातलं खरं काम. कागदावर सकाळचंच पांढरं अस्तर पातळ करून फासलं होतं. आता तोंडाला फडकं बांधून १२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवायचा. आधी गाळाचे उंचवटे तपकिरी होऊन वर येतात. मग पांढऱ्यातून निळा डाग, त्याच्या कडेला ‘लिटर’ एवढाच शब्द. आणखी चार हात फिरवले तर ‘लिटर’ही जाईल. इथे थांबायचं. पूर्ण हिशेब वाचता आला की लोक वाचत बसतात, चित्र बघत नाहीत. चिकटवलेल्यातलं बरंचसं मी झाकते. उघडं किती ठेवायचं, हे हाताखालचा खरखरीतपणा सांगतो.

६.३०. शेजारच्या वहिनी लग्नाचा अल्बम घेऊन आल्या. पुरात भिजून तसाच मिटून ठेवलेला. फोटो एकमेकांत रुतलेले. फोटोवरचा जिलेटिनचा थर भिजला की मऊ होतो आणि दाबाखाली वाळला की पलीकडच्या फोटोला धरून बसतो. आता यातलं फारसं सुटणार नाही, असं त्यांना स्पष्ट सांगितलं.

नदीकाठी राहणाऱ्यांनी एवढं करा. भिजलेले फोटो गठ्ठ्यात वाळू देऊ नका. ओले असतानाच स्वच्छ गार पाण्यात अलगद सोडवा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत एकेक पसरा. त्या धांदलीत जमत नसेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. पुढचं सवडीने करता येतं.