मैफल सोडू नका, बैठक बदला

आश्विनातील बालाजी महाराजांची यात्रा आटोपली, की देऊळगाव राजाच्या हवेत पहाटेचा गारवा जाणवू लागतो. याच सुमारास शास्त्रीय संगीताच्या मैफलींचा हंगाम सुरू होतो. गावोगावी दिवाळी पहाट रंगते, गोव्यात कला अकादमीचा केसरबाई केरकर समारोह होतो आणि डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव भरतो. आणि दरवर्षी याच दिवसांत माझ्या दवाखान्यात एक प्रश्न येतो : ‘‘डॉक्टर, बाबांना यंदा गाण्याला नेऊ का?’’ प्रश्न मुलगा विचारतो. बाबा शेजारी मान खाली घालून बसलेले असतात.

अनेक वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांच्या बाबतीत मी या प्रश्नाला चटकन उत्तर दिले होते. ते मित्रासोबत दरवर्षी पुण्याला जात. त्यांना रक्तदाब होता, प्रोस्टेटचा त्रास होता आणि प्रवास तीनशे किलोमीटरांहून अधिक. ‘‘गुरुजी, आता कशाला दगदग? घरीच ऐका,’’ असे मी म्हणालो. त्यांनी ते निमूटपणे मानले. पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्यांचे संध्याकाळी बाहेर पडणे थांबले, मित्राकडे जाणे थांबले आणि घरचा रेडिओही बंद झाला. तपासण्यांचे आकडे पूर्वीसारखेच होते. माणूस मात्र आक्रसला होता. तेव्हापासून ‘जावे का?’ या प्रश्नाऐवजी ‘कसे जावे?’ याचा विचार मी रुग्णासोबत करू लागलो. वाचकहो, आज तोच विचार आपल्यापुढे मांडतो.

मूळ रूप बैठकीचेच

आपले रागसंगीत मुळात मोठ्या मंडपाचे नव्हे. वाड्याचा दिवाणखाना, देवळाचा सभामंडप, मोजके श्रोते. तंबोरा, तबला आणि सारंगी किंवा हार्मोनियम, एवढ्यावर ते वाढले. आपल्या शेजारच्या जालना परिसरातून पुढे आलेले अप्पा जळगावकर हार्मोनियमच्या साथीसाठी देशभर नावाजले गेले, तेही गायकाच्या शेजारी बसून, त्याचा श्वास ओळखून.

मोठे महोत्सव नंतरचे. सवाई गंधर्व १९५२ साली निवर्तले आणि १९५३ पासून पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात उत्सव सुरू केला. पूर्वी तो रात्रभर चाले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि खुल्या जागी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई झाली. काही ठरावीक दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. रसिकांना उत्तररात्रीचे राग दुरावल्याची खंत आहे आणि ती रास्त आहे. ज्येष्ठांच्या प्रकृतीला मात्र हे वेळापत्रक मानवणारे आहे. रात्रीचे जागरण टळले, तर दुसऱ्या दिवशीचा रक्तदाब आणि साखर दोन्ही आवरण्यास सोपे जाते.

कानांची तयारी

वयोमानाने श्रवणशक्ती उणावते तेव्हा बहुधा उंच पट्टीचे, बारीक ध्वनी आधी हरपतात. त्यामुळे ‘आवाज येतो, पण बोल कळत नाहीत’ अशी तक्रार सुरू होते. बंदिशीचे शब्द आणि तबल्याच्या चाटीवरचे बोल पुसट होतात.

श्रवणयंत्र असल्यास आणखी एक अडचण येते. हे यंत्र संभाषणासाठी जुळवलेले असते. एकसारखा चालणारा आवाज गोंगाट समजून ते दाबू पाहते. म्हणून तंबोऱ्याचा अखंड नाद किंवा लांबवलेला षड्ज मध्येच विरल्यासारखा किंवा थरथरल्यासारखा वाटू शकतो. दोष गायकाचा नसतो, आपल्या कानाचाही नसतो. मैफलीपूर्वी आठ-दहा दिवस श्रवणतज्ज्ञांकडे जाऊन संगीतासाठी वेगळी जुळवणी करून घ्यावी. अनेक यंत्रांत ती सोय असते. कानात मळ साठला नाही ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

कर्ण्याच्या अगदी समोरची जागा टाळावी. साधारण ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित समजला जातो. आवाज जितका वाढेल तितका हा अवधी झपाट्याने घटतो. शेजाऱ्याशी ओरडून बोलावे लागत असेल, तर जागा बदलावी.

देहाची तयारी

मैफलीत माणूस तीन-चार तास एका जागी बसतो. त्यासाठी पुढील गोष्टी सांभाळाव्यात :

• भारतीय बैठकीचा हट्ट धरू नये. पाठ टेकेल अशी, हात असलेली खुर्ची घ्यावी. जागा रांगेच्या कडेची आणि स्वच्छतागृहाच्या जवळची असावी.

• दर अर्ध्या-पाऊण तासाने घोटे फिरवावेत, टाचा वर-खाली कराव्यात. मध्यंतरात चार पावले चालावे. पायांवरची सूज आणि शिरांत रक्त साकळण्याचा धोका त्याने घटतो.

• उठताना आधी थोडे थांबून, मग खुर्चीचा हात धरून उभे राहावे. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यावर भोवळ येऊ शकते.

• लघवी वाढवणारी गोळी मनाने बंद करू नये. त्या दिवशी वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. लघवीच्या भीतीने दिवसभर पाणी न पिणे तर अगदीच चुकीचे.

• मधुमेहींनी, विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी, जेवण लांबू देऊ नये. खिशात साखर आणि थोडा कोरडा खाऊ असावा. घाम, थरथर, एकाएकी चिडचिड ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात.

• कान, छाती आणि पाय झाकणारे कपडे हवेत. थंडीने रक्तदाब वाढतो आणि दम्याचा त्रासही बळावतो. फवारा जवळ ठेवावा.

प्रवास एका दमात करू नये. आदल्या दिवशी पोहोचून विश्रांती घ्यावी. एस.टी.त ६५ ते ७५ वर्षांपर्यंतच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील नागरिकांना राज्यात प्रवास विनामूल्य आहे. ओळखपत्र सोबत असू द्यावे. छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा नुकतेच रुग्णालयातून घरी आला असाल, तर मात्र यंदाचा प्रवास नको.

घरच्या बैठकीचा मार्ग

ज्यांना प्रवास झेपणार नाही, त्यांच्यासाठी गाणे घरी आणावे. आपल्या गावांत भजनी मंडळे आहेत, पेटी-तबला शिकणारी मुले आहेत, त्यांना शिकवणारे शिक्षक आहेत. दहा-पंधरा श्रोते, दीड तासाचा कार्यक्रम, दुपारी चारची वेळ आणि ध्वनिक्षेपक नाही, एवढे पुरते. चारची वेळ मी मुद्दाम सुचवतो. दुपारची विश्रांती झालेली असते, उजेडी घरी परतता येते. शिवाय भीमपलास आणि मुलतानी हे त्या प्रहराचे राग त्यांच्या वेळेवर ऐकायला मिळतात.

स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाच्या घरी तर ही बैठक अवश्य व्हावी. नातवाचे नाव विसरलेली आजी लहानपणीचा अभंग मात्र सबंध म्हणते, हे मी पाहिले आहे. संगीताची स्मृती पुष्कळदा इतर स्मृतींहून अधिक काळ टिकते. मात्र श्रोते थोडे असावेत, सूर ओळखीचे असावेत आणि आजींच्या चेहऱ्यावर त्रासाची छटा दिसताच थांबावे. शुश्रूषा करणाऱ्या सुनेने किंवा लेकीनेही त्या वेळी स्वयंपाकघरात न राहता बैठकीत बसावे. विसाव्याची गरज तिलाही तितकीच आहे.

एक इशारा द्यायलाच हवा. अमुक राग ऐकल्याने रक्तदाब बरा होतो, तमुक रागाने मधुमेह जातो, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. संगीताने मन निवते, अस्वस्थता कमी होऊ शकते, माणसे भेटतात. हा लाभ मोठा आहे, पण तो गोळीच्या जागी येत नाही.

गुरुजींना दिलेला सल्ला मला परत घेता आला नाही. ते आता नाहीत. आपल्या घरी मात्र अजून वेळ आहे. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा औषधांच्या चिठ्ठीसोबत मैफलीची तारीखही डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा, ‘‘कसे जाता येईल?’’ हा प्रश्न बाबांना स्वतःलाच विचारू द्या.